जिंकलेल्याला रागावणाऱ्या बाई

आमच्या गणिताच्या बाई हरलेल्या मुलीला कधी रागावल्या नाहीत. त्या जिंकलेल्या मुलीला रागवायच्या.

वालूरच्या ज्युनियर कॉलेजात मी अकरावीला होते. एका शनिवारी कॉलेज सुटल्यावर गणिताच्या वर्गात मी पत्त्यांचा पहिला मोठा डाव जिंकले. आधीचा डाव हरले होते, त्या रागात हातात काही नसताना मी समोरचे सगळे चिंचोके पुढे लोटले. माझ्याकडे बदामची सत्ती आणि किलवरची दुर्री. समोर अर्चना, तिच्याकडे दोन राजे. पण मधल्या पानांत आणखी दोन सत्त्या निघाल्या आणि चिंचोक्यांचा ढीग माझ्याकडे आला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाई थांबल्या, टाळ्या संपू दिल्या आणि म्हणाल्या, "रेखा, तू हरायला पाहिजे होतीस. हाच डाव दहादा खेळलीस तर आठ-नऊदा हरशील. आज पान बरं आलं म्हणून तुझी चूक बरोबर होत नाही." मग अर्चनाकडे वळल्या. "तू अगदी बरोबर खेळलीस आणि हरलीस. शाब्बास."

मला त्या दिवशी बाईंचा राग आला होता. पुढे आयुष्यात ज्यांचा राग यायला हवा होता ते लोक कोण, हे कळायला मला दहा वर्षं लागली. म्हणून हे लिहायला बसले आहे.

बाई मूळच्या चारठाण्याच्या. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. बुद्ध वंदना आणि पाढे, दोन्ही रोज म्हणून घेणारे. त्यांच्या घरात एम.एस्सी.पर्यंत पोचलेल्या या पहिल्याच. विद्यापीठाच्या हॉस्टेलवर सिकंदराबादच्या एका मैत्रिणीकडून त्या पोकर शिकल्या. आम्ही तो शब्द त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. खेळ तसा सोपा. प्रत्येकीच्या हातात दोन पानं, जी इतरांना दिसत नाहीत. मध्ये पाच पानं, सगळ्यांची मिळून, जी टप्प्याटप्प्यानं उघडतात. प्रत्येक टप्प्याला ठरवायचं, पुढे जायचं, म्हणजे चिंचोके लावायचे, की पानं टाकून द्यायची. अकरावीचं संभाव्यतेचं प्रकरण मुलींच्या डोक्यात शिरत नाही म्हणून बाईंनी पत्ते आणले. पैसा त्यांनी टेबलाच्या आसपास येऊ दिला नाही. एकदा एका मुलीनं गंमत म्हणून एक रुपयाचं नाणं चिंचोक्यांत ठेवलं, तर बाईंनी तो डाव मोडला, पत्ते पिशवीत घातले आणि पुढचे दोन शनिवार काढलेच नाहीत.

प्रकरण महिन्याभरात संपलं, पत्ते मात्र राहिले. कारण बाईंना आम्हाला पत्ते शिकवायचेच नव्हते. पान उचलायच्या आधी दोन्ही तळहात बाकावर टेकायचे, तीन श्वास घ्यायचे आणि मनातल्या मनात नाही, मोठ्यानं सांगायचं की आत्ता काय वाटायलंय. राग, हाव, भीती की कंटाळा. पहिल्यांदा आम्ही हसून हसून बेजार. बाई हसायच्या नाहीत. "आत काय चाललंय त्याचं नाव माहीत नसेल, तर निर्णय तू घेत नाहीस. तो आतला घेतोय." डाव वाईट हरलेल्या मुलीला पुढचं पान मिळत नसे. तिनं उठायचं, व्हरांड्यातल्या माठापर्यंत जायचं, पाणी पिऊन यायचं आणि मग बसायचं. अर्चना एकदा एका दुपारी पाच वेळा पाणी पिऊन आली होती.

आणखी एक सवय त्यांनी लावली. पुढे जायचं ठरवलं की पानं उघडायच्या आधी वहीत एक ओळ लिहायची, का जातेय. पानं उघडल्यावर त्या ओळीत काडीचाही बदल करायचा नाही. "निकाल कळल्यावर प्रत्येक जण शहाणा होतो," त्या म्हणायच्या, "आणि आपण आधीपासूनच शहाणे होतो असं त्याला खरोखर वाटायला लागतं. त्याच्यापासून वाचायला ही ओळ." माझ्या वहीतली पहिली ओळ होती, 'अर्चना मला हसली म्हणून.' बाईंनी तिच्याखाली लाल शाईनं बरोबरची खूण केली होती. मी विचारलं, हे तर चुकीचं कारण आहे. म्हणाल्या, "कारण चुकीचं आहे, पण खरं लिहिलंस."

हे सगळं त्या स्वतःही पाळायच्या. त्या पावसाळ्यात आम्ही सात मुली विज्ञान प्रदर्शनासाठी बाईंबरोबर सेलूला गेलो होतो. परतताना एसटी नळकांडी पुलापाशी थांबली. ओढ्याचं पाणी पुलावरून चाललं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "लय न्हाई पाणी. जातंय." मागून सगळे ओरडायला लागले, घ्या घ्या, घरी जायचंय. बाई पुढे गेल्या, काचेतून पाणी बघितलं आणि ड्रायव्हरला विचारलं, "दहादा गेलात तर कितीदा पोचाल?" तो म्हणाला, नऊदा तर पोचतोच. बाई म्हणाल्या, "मग आम्हाला उतरवा." आम्ही भर पावसात उतरलो. बस निघाली, मधोमध जरा हलली आणि पलीकडे गेली. खिडक्यांतून लोकांनी आम्हाला हात हलवून दाखवले. आम्ही शेजारच्या वस्तीवरच्या शाळेच्या पडवीत तीन तास बसलो. घरी पोचल्यावर प्रत्येकीच्या आई-वडिलांनी बाईंच्या नावानं बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सुद्धा हेच, गेली की बस, तुम्ही उगाच पोरींना भिजवलंत. बाई म्हणाल्या, "बस गेली, चांगलं झालं. पुन्हा तसंच पाणी असेल तर मी पुन्हा उतरेन."

त्या दिवशीही त्यांना कुणी शाब्बास म्हणालं नाही.

मग आमच्या बारावीच्या दिवाळीनंतर कुणीतरी खिडकीतून फोटो काढला. बाकावर पत्ते, चिंचोके, भोवती आम्ही आठ मुली आणि मधे बाई. फोटो गावभर मोबाइलवर फिरला. खाली लिहिलं होतं, 'ज्युनियर कॉलेजात मुलींचा जुगार अड्डा.' दोन दिवसांत संस्थेच्या सचिवांकडे तक्रार गेली, खाली वीस-पंचवीस सह्या.

त्या सह्या करणारे लोक मला ठाऊक होते. सणासुदीला त्यांच्याच शेतावरच्या घरी, आखाड्यावर, चादर अंथरून तीन पत्ती बसते. नोटांची बसते, चिंचोक्यांची नव्हे. गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल कोण कुठे बसतं. सचिव स्वतः पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दिवसभर बसायचे, चहा-भजी घेऊन माणसं राबायची. ते खेळले की हौस. बाई चिंचोक्यांवर गणित शिकवतात तो जुगार. या तक्रारीवर पालकांची सभा बोलावली, तिथे एक पालक तर सगळ्यांदेखत म्हणाला, "शेवटी माणूस कुठून आलंय ते कळतंच." चारठाण्याचं नाव घेतलं नाही त्यानं. गावाचं नाव घ्यायचंच नव्हतं त्याला. कशाचं घ्यायचं होतं ते सभेतल्या प्रत्येकाला समजलं आणि एकानंही त्याला खाली बसवलं नाही. हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं. ते त्या वेळी चहाचे कप गोळा करत होते.

माझे वडील तिथे शिपाई होते. अकरा वर्षं झाली होती, पण कायम नव्हते. सकाळी कुलूप उघडायचं, घंटा द्यायची, सचिव आले की गाडीचं दार उघडायचं. चौकशी सुरू झाली आणि एके दुपारी सचिवांनी वडिलांना आत बोलावलं. ते घरी आले ते भिंतीला टेकून बसले, पाय न धुता.

"रेखे, उद्या तुला हापिसात बोलवायलेत. एक कागद हाय. त्याच्यावर सही करायची."

"काय आहे कागदावर?"

"बाई पैशे लावून खेळाय लावायच्या म्हनून."

"पण ते खोटं आहे, दादा."

"मला म्हाईत न्हाई व्हय? सायेब म्हनले, तुमचं पर्मनंटचं पत्र टेबलावरच हाय. पोरीला समजावून सांगा. खामखा मामला वाढवू नका."

आई चुलीपाशी होती. तिनं भाकरी थापायची थांबवली.

दुसऱ्या दिवशी सचिवांच्या टेबलापुढे मी उभी राहिले. कागद टाइप केलेला होता. तळहात टेकायला समोर टेबल होतं. तीन श्वास घ्यायला वेळही होता, कारण सचिवांना फोन आला होता आणि ते पाच मिनिटं बोलत होते. बाईंनी दीड वर्ष जे शिकवलं ते सगळं त्या पाच मिनिटांसाठीच होतं जणू. मी तळहात टेकले नाहीत. मी दाराकडे बघितलं. दारात वडील उभे होते, हातात ट्रे, नजर जमिनीवर. फोन संपला आणि मी सही केली. माझ्याखाली अर्चनानं केली. तिनं तर कागद वाचलाही नाही. आठांपैकी सात जणींनी केली. आठव्या मुलीला तिचे वडील परभणीला मामाकडे घेऊन गेले.

वडिलांना महिन्याभरात कायम केल्याचं पत्र मिळालं. आईनं पेढे वाटले नाहीत.

बाईंना पुढे काय विचारलं गेलं तेही वडिलांनीच सांगितलं. "सचिव म्हनले, बाई, दोन वळी लिहून द्या, चुकलं म्हनून. इषय खतम. आमाला पन तुमची बेइज्जती करायची न्हाई. बाई म्हनल्या, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी आल्या, खुर्चीवर बसल्या, हात टेबलावर ठिवले, लय येळ काय बोलल्याच न्हाईत. मग म्हनल्या, मी गणित शिकवलं. त्याची माफी मागणार नाही." आणि शेवटी वडील म्हणाले, "रेखे, त्या मानसाफुडं एवढं नीट बोललेलं मी कुनाला बघितलं न्हाई."

पैशाचा आरोप सिद्ध करायला त्यांच्याकडे सात मुलींच्या सह्यांपलीकडे काही नव्हतं, आणि तो कागद बाहेर कुठे न्यायची त्यांची छाती नव्हती. म्हणून नोकरीवरून काढलं नाही. बदली केली. कारण लिहिलं, प्रशासकीय सोय. संस्थेची एक शाळा सोनपेठला होती. तिथे बाईंना आठवीचा भूगोल दिला. ज्युनियर कॉलेजच्या गणिताच्या बाईंना आठवीचा भूगोल, आणि दुपारच्या खिचडीवर लक्ष ठेवायचं काम. हे कोणत्या नियमात बसतं, असं विचारायला एकही सहकारी गेला नाही. बाईंची म्हातारी आई सेलूला, तिला सोडून राहता येईना. मग सेलूहून पाथरी, पाथरीहून सोनपेठ, रोज जाऊन-येऊन चार गाड्या. जाताना त्यांनी आमच्या वर्गाचा निरोपसुद्धा घेतला नाही. घेऊ दिला नसणार. आम्हाला कळलं तेव्हा फळ्यावर दुसऱ्याच सरांचं अक्षर होतं.

तीन-चार वर्षांनी मी सुट्टीत गावी आले, तेव्हा त्याच कॉलेजच्या मैदानावर कबड्डीच्या स्पर्धा चालू होत्या. मैदानाच्या चारही बाजूंनी फलक लावलेले, मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळायच्या कुठल्याशा कंपनीचे. हसणारा माणूस, हातात पानांचा पंखा, खाली घरबसल्या जिंका. आणि मधोमध व्यासपीठावर सचिव. त्यांच्या डोक्यामागे सगळ्यात मोठा फलक. मुलं मोबाइल काढून फलकावरचा नंबर टिपून घेत होती. ज्या खिडकीतून आमचा फोटो काढला होता, त्या खिडकीच्या गजालाही त्या फलकाची दोरी बांधलेली होती. कुणी तक्रार केली नाही. कुणाची सही गोळा झाली नाही. त्या मुलांना पानं उघडायच्या आधी थांबायला शिकवू शकणारी जिल्ह्यातली एकुलती एक बाई त्या वेळी सोनपेठला खिचडीचं पातेलं मोजत होती.

मी एवढी चिडले, पण तेव्हाही काही केलं नाही. वडील अजून नोकरीत होते. हे कारण मी वहीत लिहिलं असतं, तर त्याच्याखालीही लाल खूण आली असती, खरं लिहिलंय म्हणून.

मी आता परभणीत एका दवाखान्यात नर्स आहे. गेल्या वर्षी आमच्या वॉर्डात एका बाळंतिणीला इंजेक्शन द्यायला उशीर झाला. बाळंतीण वाचली, बाळही बरं आहे. पण नातेवाइकांनी कागद मागितले आणि वरिष्ठांनी केसपेपर माझ्यापुढे ठेवला. इंजेक्शनची वेळ वीस मिनिटं आधीची टाका आणि सही करा. सगळं सुखरूप पार पडलंय, मग काय बिघडतं, असं म्हणाले. मी दोन्ही तळहात टेबलावर टेकले. तीन श्वास घेतले. आत काय होतं ते बघितलं, भीती होती, अगदी तीच जुनी. मी म्हणाले, "मला भीती वाटायलीय, पण सही करणार नाही." त्यांना वाक्याचा पहिला अर्धा भाग कळलाच नाही. बाहेर आल्यावर मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की हे मला सतराव्या वर्षीही करता आलं असतं.

आठ दिवसांनी रजा काढून मी वालूरला गेले. माझा तो जबाब खोटा होता, दबावाखाली घेतलेला होता आणि मी तो मागे घेते आहे, असं एक पानी पत्र लिहून संस्थेच्या ऑफिसात दिलं. वडील तोवर निवृत्त झाले होते. मी पत्राचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "दी नेऊन. मला इचारू नको." क्लार्कनं पत्र वाचलं आणि हसला. "बाई तर रिटायर झाल्या की मागच्या वर्षी. आता याचा काय उपयोग?" मी म्हणाले, आवक नंबर टाका आणि शिक्का मारून पोच द्या. तो आत गेला. आतून सचिवांचा आवाज आला, "घ्या घ्या, ठेवा फायलीत." एवढंच. तोंड दाखवायलाही बाहेर आले नाहीत.

पोच घेऊन मी सेलूला बाईंच्या घरी गेले. दोन खोल्या, स्वच्छ. आई वारल्यानंतर त्या एकट्याच होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले. मला लगेच ओळखलं त्यांनी. चहा ठेवला. मी पत्राची शिक्का मारलेली प्रत पुढे केली. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली.

"दबावाखाली, असं लिहिलंयस. कुणाच्या?"

"सचिवांच्या."

"मग नाव का नाही लिहिलंस?"

मी म्हणाले, "बाई, माझं चुकलं."

असू दे, लहान होतीस, असं काहीतरी त्या म्हणतील, अशी मी वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "हो, चुकलं. भ्याली होतीस आणि भ्याले आहे असं स्वतःला सांगितलं नाहीस. आणि सतरा वर्षांची होतीस, बापाची नोकरी त्यांच्या हातात होती, हेही खरं आहे. दोन्ही ध्यानात ठेव. एकासाठी दुसरं पुसू नको."

चहा उकळून वर आला. त्यांनी गॅस बंद केला आणि कप भरले. मी धीर करून विचारलं, "तुम्हाला कधी वाटलं नाही, दोन ओळी लिहून द्यायला हव्या होत्या?"

"नाही. आज विचारलं तरी नाहीच म्हणेन. निर्णय बरोबर होता." कप हातात धरून त्या बोलत होत्या. "रोज बसमध्ये स्वतःला हेच सांगायचे. निर्णय बरोबर होता, निकाल आपल्या हातात नसतो. पाथरीला गाडी बदलायची, पुन्हा तेच. येताना पुन्हा तेच."

कप त्यांनी खाली ठेवला. मी ज्यांचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता, त्या बाईंचे ओठ पांढरे पडले होते.

"पण नऊ वर्षं, रेखा. नऊ वर्षं मी फळ्यावर नद्यांचे नकाशे काढले. मला गणित शिकवायचं होतं. मला ते चांगलं शिकवता येत होतं. कोण होते ते लोक?"

बाईंनी चेहरा खिडकीकडे वळवला होता. मी त्यांच्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, वर तारीख टाकली आणि सचिवांचं पूर्ण नाव घालून पत्र पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतलं.